न मागितलेली पोच

अँड्रॉइड फोनवर लिहिताना कळफलक अक्षरागणिक जी थरथर करतो ती बंद करून टाकावी, असे मी म्हटले की समोरचा मनुष्य, मग तो माझ्या बरोबरीचा असो वा नातवाच्या वयाचा, ठरलेली चार उत्तरे देतो. बाब इतकी क्षुल्लक आहे की तिच्यावर बोलणे हा वेळेचा अपव्यय होय. थरथर आहे म्हणून तर बोट नीट पडले हे कळते. ज्यांनी फोन बनविला त्यांनी ही योजना विचार करूनच केली असली पाहिजे. आणि एवढे असूनही ती नको असेल तर बंद करण्याची सोय दिलेली आहे, मग तक्रार कसली? ही उत्तरे मी काही वर्षे निमूटपणे ऐकून घेतली. यापुढे ती ऐकून घ्यावीत असे मला वाटत नाही, कारण त्यांतील एकही उत्तर तपासाला टिकत नाही, आणि तरीही ती इतक्या खात्रीने दिली जातात की विचारणाऱ्यालाच आपण काही गैर विचारले की काय असा संकोच व्हावा.

मागच्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण एका रुग्णालयात दहा दिवस होती आणि रात्री सोबतीला मी राहत असे. खाटेशेजारच्या पत्र्याच्या कपाटावर फोन ठेवून, चष्मा लावून, एका बोटाने मी तिच्या मुलाला दिवसभराचा वृत्तान्त लिहून कळवीत असे: ताप किती होता, सलाइन केव्हा संपले, सकाळच्या फेरीत डॉक्टर काय म्हणाले. फोनचा आवाज मी पूर्णपणे बंद केलेला होता, त्यामुळे आपल्या लिहिण्याने कोणाची झोप मोडत नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पलीकडच्या खाटेवर एक वृद्ध बाई होत्या. त्यांचा मुलगा दुबईला. कामावरून सुटला की तो अपरात्री फोन करी, म्हणून त्यांनी आपला फोन उशीखाली ठेवलेला असे. तिसऱ्या की चौथ्या रात्री माझ्या ध्यानात आले की मी लिहू लागलो की त्या जाग्या होतात, उशीखाली हात घालून चाचपडतात, फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहतात आणि पुन्हा जागेवर ठेवून कुशीवर वळतात. त्या रात्री असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी मी लिहिता लिहिता थांबलो, आणि थांबताक्षणी पत्र्यावरची ती बारीक घुरघुरही थांबली. मुलाचा फोन आला असे समजून ज्या हाकेला त्या बाई ओ देत होत्या, ती हाक माझ्या फोनची होती. आणि ती कोणाला काही सांगण्यासाठी उठलेली नव्हती, मी 'ताप उतरला' ही अक्षरे दाबली एवढेच तिचे कारण होते.

रविवारी पुण्याहून भाचा आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "मामा, व्हायब्रेशन आहे ते. सगळ्यांच्याच फोनला असतं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? सवय होते." मुलगा गुणी आहे, आईसाठी धावपळ करणारा आहे, आणि त्याने हे वाक्य कोणत्याही दुष्ट हेतूने उच्चारलेले नाही, हे मी जाणतो, परंतु 'सवय होते' हे उत्तर मला त्याच वेळी मान्य नव्हते आणि आजही नाही. सवय होणे आणि गरज असणे या गोष्टी भिन्न आहेत. रेल्वेच्या रुळांशेजारी राहणाऱ्याला गाडीच्या खडखडाटाची सवय होते, म्हणून खडखडाट त्याच्या हिताचा होता असा दाखला त्याने दिला असे कोणी समजते काय?

आता क्षुल्लकपणाचा आरोप घेऊ. एखादी गोष्ट क्षुल्लक आहे की नाही हे ती एकदा घडली म्हणजे केवढी असते यावरून ठरवायचे, की ती किती वेळा घडते यावरून? आपल्या देवनागरीत हा प्रश्न विशेषच तीव्र होतो. 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तो तीन अक्षरांचा. परंतु ज्या कळफलकावर व्यंजन, हलन्ताची खूण आणि मात्रा अशा सुट्या कळा दाबून शब्द रचावा लागतो, त्यावर स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त आणि य अशा अकरा कळा दाबाव्या लागतात, आणि तेवढ्या एका शब्दापायी फोन अकरा वेळा थरथरतो. जो मनुष्य आपल्या लिपीत लिहिण्याचा आग्रह धरतो, जोडाक्षर मोडीत नाही, ऱ्हस्वदीर्घ पाळतो, अनुस्वार गाळीत नाही, त्याच्या हाताला या थरथरीचा भार अधिक सोसावा लागतो. दाराची बिजागरी कुरकुरू लागली तर घरातले कोणी 'क्षुल्लक आहे' म्हणून वर्षानुवर्षे ती तशीच ठेवीत नाही. तेलाचे दोन थेंब घालतो. मग दिवसातून शेकडो वेळा आपल्या हातात जे घडते तेच तेवढे अनुल्लेखनीय का ठरावे?

खरा मुद्दा दुसऱ्या उत्तराचा आहे, आणि त्याच्यावर मला जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण तेथे एक मूलभूत गैरसमज ठाण मांडून बसला आहे. थरथरीमुळे कळ दाबली गेल्याचे कळते, ती म्हणजे फोनने आपल्याला दिलेली पोच होय, असे हे मत. मी स्वतः तरुणपणी मराठी टंकलेखनाची शासकीय परीक्षा दिलेली आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी दफ्तरांत मराठी यंत्रांची गरज वाढत गेली होती, तालुक्याच्या गावीही टायपिंगचे वर्ग चालत, आणि मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस, अशा पायऱ्या चढून मुले-मुली नोकरीच्या अर्जास पात्र होत. त्या यंत्राची कळ बोटाखाली खरोखर खाली जाई. तिला तळ होता, वजन होते. कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उसळून फितीवर आदळे आणि कागदावर अक्षर उमटे, म्हणजे बोटाला जाणवलेला धक्का आणि कागदावर पडलेले अक्षर ही एकाच घटनेची दोन टोके असत. करंगळीने दाबलेली कळ करंगळीलाच जाणवे, दुसऱ्या बोटाला नव्हे. घाईत दोन दांडे एकमेकांत अडकले तर कळ वर येत नसे, आणि चूक झाल्याचे डोळ्यांच्या आधी बोटाला कळे. काही खुणांच्या कळा अशा होत्या की त्या दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नसे. तो न सरकण्याचा फरक हाताच्या इतका अंगवळणी पडे की आम्ही यंत्राकडे न पाहता, नजर मसुद्यावर ठेवून, पानेच्या पाने टंकलिखित करीत असू. ती पोच होती.

फोनमध्ये काय घडते? तेथे खाली जाणारी कळ नाही आणि तिला तळही नाही. सपाट काचेवर चित्र आहे. त्या काचेच्या पोटात एक इवलीशी मोटर बसविलेली असते. स्वस्त फोनांत बहुधा आसाला एका बाजूने वजन लावलेली, गरगर फिरणारी. महाग फोनांत स्प्रिंगवर तोललेला आणि एका रेषेत मागेपुढे हलणारा चुंबक. पहिल्या प्रकारच्या मोटरीला वेग घ्यायला आणि थांबायला क्षणभर लागतो, त्यामुळे भरभर लिहिणाऱ्याला एका अक्षराची थरथर दुसऱ्या अक्षरात मिसळल्यासारखी वाटते. परंतु मोटर कोणतीही असो, ती एकच काम करते: अखंड फोन हलविते. 'क' दाबला तरी तीच थरथर, 'ख' दाबला तरी तीच. 'ख' दाबायला जाऊन बोट 'ग' वर पडले तरीही तीच. फोन डाव्या हातात धरून उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या तळव्यालाही तीच जाणवते, ज्या तळव्याने काही दाबलेले नसते. बरोबर आणि चूक या दोहोंना जी एकाच मापाने मोजते, तिने नेमकी कोणती माहिती दिली?

कचेरीच्या आवक शाखेत अर्ज दिला की कारकून दुय्यम प्रतीवर शिक्का मारतो, क्रमांक आणि तारीख घालतो, आणि त्या प्रतीवर पुढे वर्षानुवर्षे लोक इतबार ठेवतात, कारण कोणता कागद, कोणत्या दिवशी, कोणत्या शाखेकडे आला हे तिच्यावर नमूद असते. जमिनीच्या मामल्यात अशी एक पोच सापडली नाही म्हणून माणसे हवालदिल झालेली मी पाहिली आहेत. आता असा कारकून डोळ्यांसमोर आणा की जो कागदाकडे न पाहता, त्यावरील मजकूर न वाचता, तो याच शाखेचा आहे की दुसऱ्या खात्याचा याची विचारपूस न करता, पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तोच एक बिनक्रमांकाचा, बिनतारखेचा ठसा उमटवीत बसला आहे. त्याच्या ठशाला पोच म्हणावे काय? कोणी तरी आले होते एवढेच त्यावरून कळते, आणि ते तर येणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. बोट काचेला लागले हे बोटाला कळत नाही असे या थरथरीच्या कैवाऱ्यांना खरोखर वाटते काय?

खरी पोच तर डोळ्यांसमोर उभी असते. कळ दाबताच बोटाच्या वर ते अक्षर क्षणभर मोठे होऊन दिसते, आणि पाठोपाठ ओळीत उमटते. 'ख' की 'ग' हे तेथे कळते. काचेच्या कळफलकावर नजर न ठेवता लिहिणारा मनुष्य विरळा, त्यामुळे ही दृष्टीची पोच चुकण्याचा संभव फार थोडा.

येथे कोणी अभ्यासू गृहस्थ मला अडवील आणि म्हणेल की स्पर्शाची जोड दिल्याने काचेवरचे लेखन सुधारते हे प्रयोगांनी दाखविलेले आहे. दाखविलेले आहे, हे खरे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेत आणि भुयारी रेल्वेत माणसांकडून लिहवून घेऊन हा निष्कर्ष काढला होता. परंतु त्या प्रयोगातील स्पर्शसंकेत कसे होते ते पाहा: बोट कळेवर आले त्याचा एक, कळ दाबली गेली त्याचा दुसरा, आणि बोट कळेच्या कडेवरून घसरले त्याचा तिसरा. म्हणजे तेथे घसरलेल्या बोटाला आपण घसरलो हे वेगळे कळत होते. तो आवक शाखेतला खरा कारकून होता. आपल्या हातातील फोनांवर जी सरसकट, एकसुरी थरथर लादलेली आहे तिचे समर्थन त्या प्रयोगाच्या आधारे करणे म्हणजे एकाच्या नावचा दाखला दुसऱ्याने हजर करण्यासारखे आहे.

थरथरीचे एक अस्सल, मोलाचे काम आहे, आणि या सरसकट वापराने नेमके तेच काम बिघडते. आपल्या तळहाताच्या त्वचेखाली खोलवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना असलेले सूक्ष्म स्पर्शपिंड असतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १९ व्या शतकात त्यांचे वर्णन केले आणि त्याच्याच नावाने ते ओळखले जातात. संथ, स्थिर दाबाकडे हे पिंड लवकरच दुर्लक्ष करतात, परंतु जलद कंपनाने ताबडतोब जागे होतात. सेकंदाला दोनशे ते तीनशे आवर्तनांच्या आसपास त्यांची संवेदना सर्वांत तीक्ष्ण असते. काही तरी घडले, लक्ष दे, असे सांगणारी ही शरीराची यंत्रणा आहे. सभेत, ग्रंथालयात, आजाऱ्याच्या उशाशी फोनचा आवाज बंद करून आपण जेव्हा तो खिशात ठेवतो तेव्हा याच यंत्रणेच्या भरवशावर ठेवतो: कोणी बोलावले तर फोन अंगाला हलवून सांगेल. असा हा निरोप्या. त्याला अक्षरागणिक उगाच हाक मारायला लावले तर त्याच्या हाकेचा अर्थ किती दिवस टिकेल? त्या वृद्ध बाईंनी तीनदा उशीखाली हात घातला तो याच कारणाने. त्यांच्या बाजूने काहीही चुकलेले नव्हते. थरथर म्हणजे मुलाचा फोन, हा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. तो अर्थ बिघडविला होता माझ्या कळफलकाने.

तिसरे उत्तर निर्मात्यांच्या विचारीपणाचे. ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीस आलेला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, पडद्याखालून सरकत बाहेर येणाऱ्या खऱ्याखुऱ्या कळा घेऊन आला होता. काचेवरचा कळफलक अँड्रॉइडला मिळाला तो एप्रिल २००९ च्या 'कपकेक' या आवृत्तीत. ज्यांची बोटे नोकियाच्या आणि ब्लॅकबेरीच्या उठावदार कळांवर घडली होती त्यांना सपाट काचेवर चुकल्यासारखे वाटणार, आणि त्यांना धीर देण्यासाठी थोडा काळ हातात काही तरी हलवावे, हे त्या संक्रमणाच्या वेळी समजण्याजोगे होते. पण आज ज्या मुलीने जन्मात उठावदार कळ दाबलेली नाही तिला कोणत्या हरवलेल्या कळेची आठवण करून द्यायची आहे? शिवाय निर्मात्यांचा एकमुखी कौल असा कोठे आहे? आयफोन २००७ साली आला तो काचेचाच कळफलक घेऊन, आणि त्यानंतर पंधरा वर्षे त्या कळफलकाला थरथर नव्हती; कोट्यवधी लोकांनी तेवढ्या काळात त्यावर पत्रे लिहिली, हिशोब मांडले, भांडणे केली आणि मिटविली. उठावदार कळांची सवय असलेल्यांनीही लिहिले. २०२२ मध्ये आयओएस १६ या आवृत्तीबरोबर ती सोय तेथे आली तेव्हाही ती बंद स्थितीत आली: ज्याला हवी त्याने चालू करून घ्यावी. एका मोठ्या कारखान्याला न विचारता चालू करू नये असे वाटले आणि अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत ती न विचारता चालू असते, तेव्हा 'त्यांनी विचार केलाच असेल' या वाक्यातील 'त्यांनी' म्हणजे नेमके कोणी? बॅटरीचा मुद्दा मी येथे मांडत नाही. त्या मोटरीला लागणारी वीज अल्प आहे, आणि माझी तक्रार विजेची नाही.

उरले चौथे उत्तर, बंद करण्याची सोय आहे ना, मग झाले. ही सोय कोठे ठेवलेली आहे ते एकदा शोधून पाहा. जीबोर्ड हा कळफलक असेल तर वरच्या पट्टीतील दातेरी चक्राच्या चिन्हावरून 'सेटिंग्ज' मध्ये जावे, तेथे 'प्रेफरन्सेस' उघडावे, खाली सरकत जावे, आणि 'हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस' या ओळीपुढचे बटण बंद करावे. हॅप्टिक! स्पर्शाविषयीचा, ग्रीक मुळातून आलेला हा शब्द आपल्यापैकी किती जणांनी कधी तोंडात घेतलेला आहे? जो मनुष्य 'व्हायब्रेशन' शोधीत आला तो या ओळीवरून तीनदा पुढे जातो. त्यातून फोनच्या मुख्य 'सेटिंग्ज' मध्ये स्पर्शाच्या थरथरीचे आणखी एक बटण असते, आणि तेथले बंद केले म्हणजे कळफलकाचे बंद होईलच असा भरवसा नाही. कंटाळून कोणी सगळीच थरथर एकदम बंद करतो, तर फोन आल्याचे सांगणारी तीही जाते. दोन महत्त्वाचे फोन चुकले की तो घाबरून सगळे पूर्ववत करतो आणि कळफलकाची थरथर आयुष्यभर सोशीत राहतो. मला स्वतःला भाच्याने बटण दाखविले तेव्हा ते सापडले. रुग्णालयातील त्या दहा रात्रींपैकी पहिल्या पाच मी ते शोधण्यात घालविल्या असत्या तरी मला ते मिळाले नसते.

दार आहे, पण ते मागच्या बोळात, परक्या नावाच्या पाटीखाली, असे सांगून घरमालकाची जबाबदारी संपत नाही. आपल्या जमिनीतून दुसऱ्याने न विचारता वहिवाट पाडावी आणि आपण हरकत घेताच त्याने म्हणावे की कुंपण घालायला तुम्हांला कोणी अडविले होते, हा युक्तिवाद कोणत्याही मामलेदारापुढे टिकणार नाही. हरकत घेणाऱ्याने आपली हरकत सिद्ध करावी, हा क्रमच उलटा आहे. हात माझा आहे. त्याला हलवायचे असेल तर कारण दाखविण्याचा भार हलविणाऱ्यावर पडतो.

ज्यांना दृष्टी नाही किंवा अगदी अधू आहे त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर टॉकबॅक नावाची सोय आहे, आणि तिच्यात आवाजाबरोबर थरथरीचाही उपयोग करून घेतलेला आहे. तेथे ती मार्गदर्शक आहे, आणि तिच्याविषयी माझा एक शब्दही विरुद्ध नाही. ज्यांना कळफलकाची थरथर मनापासून आवडते त्यांच्या हातातूनही ती काढून घ्यावी असे मी म्हणत नाही. त्यांनी ती खुशाल चालू करावी. माझे म्हणणे 'चालू करावी' या शब्दांत आहे. आवडणाऱ्याने एक बटण दाबावे. न आवडणाऱ्याला, न समजणाऱ्याला, शेजारच्या खाटेवर झोपलेल्या तिऱ्हाइताला काहीच करावे लागू नये.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे आणि तिच्यात मी तडजोड मानीत नाही. नवा फोन प्रथम चालू करताना तो भाषा विचारतो, वायफायचा परवलीचा शब्द विचारतो, बोटाचा ठसा मागतो; त्याच वेळी, ज्या भाषेत मी लिहिणार त्याच भाषेत, त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: लिहिताना फोन थरथरावा का? खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन उत्तरे असावीत, हॅप्टिक हा शब्द तेथे कोठेही नसावा, आणि मी उत्तर देईपर्यंत फोनने माझ्या हातात निश्चल राहावे.